अंगणातला आश्विन

हस्ताचा पाऊस गडगडून पडून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वेगळंच असतं. तिरकं, पिवळं, पाठीला चटका देणारं. पुस्तकात त्याला शरद म्हणतात. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी ‘पाऊस गेला’ एवढंच म्हणायचे. तो गेला की अंगणात, परसात जे जे यायचं, त्यातलं बरंच आता येत नाही. आठवेल तसं लिहून ठेवते आहे.

अंगण चोपणं. चार महिन्यांत अंगणाला गवत माजायचं, कडेला शेवाळ धरायचं. दसऱ्याच्या आगेमागे ते तासून काढायचं, लाल माती आणून पसरायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने चोपायचं. वाडीतली चार माणसं रांगेत बसून मागे मागे सरकत चोपायची. थापांना लय यायची. शेजारून ती ऐकू आली की आजी म्हणायची, “त्यांचं सुरू झालं गो, आपली माती अजून यायचीच आहे.” मग शेणाने सारवण. सारवण वाळलं की पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावरून आम्हा पोरांची भांडणं. बारा वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. आता चिखल होत नाही, आणि आईच्या गुडघ्यांना सारवण झेपतही नव्हतं. हे सगळं खरं आहे. चोपणं माळ्यावर आहे. त्याला वाळवी लागली.

प्राजक्त अजून आहे. रात्री फुलतो, उजाडायच्या आत सडा घालतो, त्यात काही बदल नाही. पण सारवलेल्या जमिनीच्या गारव्यात ती फुलं बराच वेळ ताजी राहायची. ब्लॉकवर ऊन आलं की चिकटून बसतात, उचलायला गेलं तर पाकळी जमिनीलाच राहते. आजी केशरी देठ वेगळे करून सुपात वाळवायची, त्यांचा रंग काढायची. तिच्यामागे कुणी काढला नाही.

तेरड्याची बोंडं. गौरीसाठी उपटून उरलेला तेरडा आश्विनात बोंडांना येतो. पिकलेलं बोंड ओळखता येतं: फुगीर, लव असलेलं, हिरव्यावर किंचित पिवळट झाक. चिमटीत धरावं, तर धरेपर्यंतच ते फुटतं. सालीच्या पाच पट्ट्या गर्रकन आत वळतात, बोटांना सुरवंट हलल्यासारख्या लागतात, आणि बारीक तपकिरी बिया पार गडग्यापर्यंत उडतात. तेरडा आपली पुढच्या वर्षाची पेरणी स्वतःच करतो. आता पाखाडीच्या दोन्ही कडांना तणनाशक मारतात. तेरडा फुलायच्या आधीच पिवळा पडतो, आणि बी पडलं नाही की पुढच्या वर्षी तो नाही.

चतुर. संध्याकाळी चारच्या उन्हात अंगणावर शेकड्यांनी तरंगायचे, पिवळसर, काचेसारख्या पंखांचे. आम्ही शेपटीला दोरा बांधायचो. त्याचं आज वाईट वाटतं. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमध्ये राहून त्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. जिथे गोड्या पाण्याची डबकी जवळपास नाहीत, तिथे ऑक्टोबरात इतके चतुर येतात कुठून, हा त्याचा प्रश्न होता. 2009 साली त्याने मांडलं की ते भारतातून निघून, वाऱ्यावर स्वार होऊन, समुद्रापार पूर्व आफ्रिकेकडे जातात. म्हणजे आमच्या अंगणावर तरंगणारे ते प्रवासी असणार, वाटेत थांबलेले. हल्ली दिसतात ते मोजता येण्याइतके. आमच्या खालच्या मळ्यातली पाणथळ भराव घालून बुजवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नवं. आश्विन पौर्णिमेला, नवान्न पौर्णिमेला, भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचा तुरा आणि झेंडू आंब्याच्या पानात बांधून दाराला लावायचं. घरात, गोठ्यात, विहिरीवर, नांगरालासुद्धा. कुरडू शेंड्याला गुलाबी आणि खाली रुपेरी होत जातो, जुडीत तोच उठून दिसतो. गेली काही वर्षं आमची नाचणीची वरकस पडीक आहे, नांगर नाही, गोठ्यात मोटरसायकल असते. नवं एकाच दाराला लागतं, आणि त्यात भातही दुसऱ्याच्या शेतातलं.

वरच्या सड्यावर श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा असायचा. आश्विनात पाणी आटलं की कातळ उघडा पडायचा आणि गवत एका आठवड्यात हिरव्याचं सोनेरी व्हायचं. तिथे आता चिऱ्याची खाण आहे.

धोबी मात्र येतो. करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, हिमालयाकडून. त्याला ब्लॉक चालतात. शेपटी वरखाली करत अंगणभर धावतो, आणि आई आजही त्याला पाहून म्हणते, “आला बाय, आता पाऊस नाही.”

शेवटी कारीट. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे ‘गोविंदा’ म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, ते कडूजहर फळ. ते कुणी लावत नाही. पावसाळ्यात वईवर आपसूक वेल चढतो आणि शरदाच्या उन्हात पानं सुकू लागली की अंड्याएवढी पट्टेरी फळं उघडी पडतात. आमची वई गेली, तारेचं कुंपण आलं. गेल्या दिवाळीत कारिटं बाजारातून विकत आणली. तुमच्याकडे वई असेल, गडगा असेल, तर दिवाळी होईपर्यंत तिथे कोयती लावू नका, औषध मारू नका. हातभर जागा पुरते.