बांधावरचा रायवळ

वडिलांच्या पश्चात अलिबाग तालुक्यातील आमच्या आमराईचा कारभार माझ्याकडे आला, तेव्हा पहिले काम मी हाती घेतले ते बांडगुळे तोडण्याचे. कारण ज्या वनस्पतीचे नाव आपण परोपजीवी माणसाला शिवी म्हणून देतो ती आपल्या कलमांवर नांदावी ही मला नामुष्की वाटत होती, आणि बांडगुळाने ग्रासलेली फांदी शेंड्याकडून वाळत जाते हा तर प्रत्येक बागायतदाराचा अनुभव आहे. म्हातारा गडी एवढेच म्हणाला, "भाऊ, रायवळाला कशाला हात लावायचा?" पण माझा हुकूम कायम राहिला आणि कलमांबरोबर बांधावरचा तो जुनाट वृक्षही साफ झाला.

पुढच्या माघात बाग मुकी वाटली. रायवळाच्या शेंड्यावर दिवसभर चिकचिकणारा, अंगठ्याएवढा फुलटोचा कोठेच नव्हता. त्याच सुमारास, कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर व फुलटोचे यांचा वाटा काय, याविषयीचा सलीम अली यांचा १९३१ सालचा निबंध वाचनात आला, आणि मी रोज सकाळी शेजाऱ्याच्या आंब्याखाली जाऊन बसू लागलो. बांडगुळाच्या नारिंगी, नळीसारख्या फुलात वाकडी चोच घालून मध पिताना शिंजिराच्या कपाळाला पराग लागत. फुलटोचा पिकले फळ सगळेच गिळी, आणि थोड्याच वेळाने बाहेर पडणारी चिकट बी अंगापासून सुटावी म्हणून फांदीवर बूड घाशी. तेथेच ती बी चिकटून राही व रुजे. हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू, ज्याच्या पंखांची खालची बाजू खरोखरच पिवळीधमक व तांबड्या ठिपक्यांची असते, ते बांडगुळाच्याच पानांवर अंडी घालते आणि त्याच्या अळ्या हीच पाने खाऊन वाढतात. शिवाय बांडगुळाचे पान हिरवे आहे. ते झाडाकडून पाणी व क्षार घेते खरे, पण सूर्यप्रकाशात अन्न स्वतःही शिजविते, म्हणून निव्वळ ऐतखाऊपणाचा आरोप त्याच्यावर शाबीत होत नाही.

कलमांवर बांडगूळ दिसले की मी ते आजही तोडतो. त्यात कसूर करीत नाही. रायवळाला मात्र त्यानंतर कोयता लागलेला नाही. त्यावर आज तीन बांडगुळे आहेत, आणि गेल्या वर्षी फुलटोच्याने जवळच्याच डहाळीला आपले थैलीसारखे, मऊ घरटे टांगले होते. बागायतदार बंधूंनो, बांधावरचे एखादे झाड तरी या पाखरांसाठी राखून ठेवा.