थांबण्याचं कारण

बल आणि गती शिकवायला घेताना पहिल्या दिवशी मी फळ्यावर काही लिहीत नाही. टेबलावर डस्टर ठेवते, बोटानं ढकलते आणि ते थबकलं की विचारते, ‘का थांबलं?’ सातवी-आठवीच्या वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘बाई, तुम्ही ढकलायचं सोडलंत म्हणून.’

विज्ञानाच्या दृष्टीनं हे उत्तर चूक आहे, तरी मला ते फार मोलाचं वाटतं. पुस्तकातून ते आलेलं नसतं, अंगमेहनतीतून आलेलं असतं. दळणाचा डबा फरशीवरून ओढताना, चिखलात रुतलेली गाडी रेटताना, चढावर सायकलचं पायडल सोडून पाहताना मुलांनी ते मिळवलेलं असतं. जोर लावला की वस्तू हलते, जोर संपला की थांबते. अ‍ॅरिस्टॉटललाही तसंच वाटत होतं आणि जाणत्या माणसांना त्या समजातून बाहेर पडायला दोन हजार वर्षांच्या आसपास लागली. मग एका तासिकेत मुलांनी तो टाकून द्यावा, अशी घाई आपण का करावी?

म्हणून मी खेळाच्या कपाटातून कॅरम काढून आणते. आधी पावडर न टाकता स्ट्रायकर मारायला सांगते. तो थोडा सरकतो आणि थांबतो. मग पावडर भुरभुरायची आणि तेवढ्याच जोरानं पुन्हा टिचकी मारायची. स्ट्रायकर समोरच्या कडेला आपटून परत येतो. ‘बोट तर दोन्ही वेळा लगेच सुटलं, मग या वेळी तो इतका लांब कसा गेला?’ वर्ग गप्प होतो. ही शांतता मी मोडत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी चाचरत म्हणतं, ‘पावडरमुळे त्याला कमी अडलं.’

एवढ्या एका वाक्यानं सगळा धडा कूस बदलतो. आतापर्यंत मुलं चालण्याचं कारण शोधत होती. आता थांबण्याचं कारण शोधू लागतात. घर्षण हे नाव मी त्यानंतर सांगते. ज्याची ओळख पटली आहे, त्याचं नाव मुलं विसरत नाहीत.

मग गॅलिलिओची गोष्ट येते. त्यानं गोळे उतरणीवरून सोडले. हातात सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं, म्हणून भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी तोलून तो वेळ मोजत होता. त्याचा खरा पराक्रम मात्र मनात घडला. एका उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढीच उंची गाठतो. चढ सौम्य केला, तर त्या उंचीसाठी त्याला अधिक लांब जावं लागतं. आणि चढच नसेल तर? इथे मी थांबते आणि वाट पाहते. ‘मग तो जातच राहील!’ असं जेव्हा एखादी मुलगी म्हणते, तेव्हा न्यूटननं 1687 साली छापलेला पहिला नियम तिनं स्वतःच्या बुद्धीनं गाठलेला असतो. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 हे अंतराळयान आज सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललं आहे आणि ते पुढे नेण्यासाठी कोणतंही इंजिन चालू नाही, हे ऐकून तिला नवल वाटतं, पण ते खोटं वाटत नाही.

याहून अवघड असतं ते स्थिर वस्तूचं. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर कसलंही बल नाही, असं बहुतेक मुलं खात्रीनं सांगतात. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, हे त्यांना पटत नाही. निर्जीव लाकूड कसं ढकलेल? तेव्हा मी दोन बाकांच्या मध्ये प्लॅस्टिकची लवचीक पट्टी ठेवते आणि पुस्तक तिच्यावर. पट्टी वाकते. तिच्यावर बोट दाबून पाहिलं की ती बोटाला उलट रेटते. मग जाडजूड फूटपट्टी, मग फळी. वाकणं कमी होत जातं, डोळ्यांना दिसेनासं होतं, पण उरतंच. टेबलही वाकलेलं आहे, हे मुलं त्यानंतर मान्य करतात. खाली खेचणारं गुरुत्वीय बल आणि वर रेटणारं टेबल यांची बरोबरी झाली आहे, म्हणून पुस्तक निवांत आहे.

पुढे नववीत सूत्रं येतील. वस्तुमानाला त्वरणानं गुणायचं, उत्तरापुढे न्यूटन लिहायचं, हे मुलं सरावानं शिकतील. त्याआधी त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की व्हावी, असं मला कळकळीनं वाटतं. वस्तू नुसती चालत राहायला बल लागत नाही. तिचा वेग वाढायला, घटायला किंवा दिशा वळायला लागतं. ही समज स्वतः पाहून, अडून, विचार करून आलेली असली, तर सूत्रातलं प्रत्येक अक्षर काय सांगतं, हे मुलांना कळतं. तेवढ्यासाठी डस्टर, कॅरम आणि पट्टी यांच्यात गेलेल्या तासिका मला कधीच वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत.