शिक्षणाचा पैसा आणि दुरुस्तीची नोंद

जुन्या मुनीमांचा एक शिरस्ता होता. रोजमेळात चुकीची नोंद झाली, तर ती खरवडून काढावयाची नाही. पुढे तारीख घालून दुरुस्तीची नोंद करावयाची. प्राप्तिकर कायद्यातही अशी सोय आहे. परंतु पुष्कळ व्यापारी कुटुंबांना तिची पुरेशी ओळख नसते.

हिंगणघाटच्या एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. थोरल्या मुलीच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी समभागाधारित म्युच्युअल फंडात स्वतःच्या नावे वेळोवेळी रक्कम गुंतविली होती. जुलै २०२२ मध्ये मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला, तेव्हा वर्षाहून जुनी ती सर्व युनिटे विकून शुल्क व वसतिगृहाचा खर्च भागविला. विक्रीतील नफा २,६०,००० रुपये होता. पुढच्या वर्षी ‘सुगम’ विवरणपत्र भरताना दुकानाचे उत्पन्न व बँकेचे व्याज दाखविले गेले. हा नफा मात्र राहून गेला.

लपविण्याचा हेतू नव्हता. धाकटीचे सुकन्या समृद्धी खाते डाकघरात होते. त्या खात्यातून शिक्षणासाठी काढलेली रक्कम करमुक्त असते, म्हणून शिक्षणाचा सगळाच पैसा करमुक्त, असा त्यांचा समज झाला. वस्तुतः पैसा कशासाठी खर्च झाला, यावर ही सवलत ठरत नाही. तो कोणत्या योजनेत ठेवला होता, यावर ठरते. सुकन्या समृद्धी व सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांचे व्याज करमुक्त आहे. मुदत ठेवीचे व्याज करपात्र आहे. ठेव अज्ञान मुलाच्या नावे असली, तरी तिचे व्याज सामान्यतः आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. निवासी गुंतवणूकदाराने म्युच्युअल फंडाची युनिटे विकली, तर उगमस्थानी करकपातही होत नाही. त्यामुळे कराची आठवण करून देणारे कोणी नसते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलीच्या पुढील शिक्षणासाठी कर्जाची तयारी सुरू झाली. विवरणपत्रे आणि प्राप्तिकर विभागाचे वार्षिक माहिती विवरण शेजारी ठेवताच फरक मुलीच्याच लक्षात आला. सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ रोजीच संपली होती. अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग, जो २०२२ च्या वित्त कायद्याने खुला झाला, तो मात्र शिल्लक होता. या मार्गाने कर कमी करता येत नाही, परतावाही वाढविता येत नाही. राहिलेले उत्पन्न दाखवून कर भरता येतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक लाखाची सूट वजा जाता १,६०,००० रुपयांवर १० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १६,६४० रुपये झाले. त्यावर व्याज, आणि कर व व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर २५ टक्के अतिरिक्त कर. ३१ मार्च २०२५ उलटल्यावर हेच प्रमाण ५० टक्के होणार होते.

“दादा, अजून कोणी विचारलेले नाही. नोटीस आली तर पाहू,” धाकट्या भावाने सुचविले.

“काका, माझे शिक्षण त्या पैशांवर झाले आहे,” मुलगी म्हणाली. “तो हिशेब अपुरा राहू नये.”

वडिलांना अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठ होते. तत्त्वार्थसूत्रात हीनाधिक मापाच्या बरोबरीने विरुद्धराज्यातिक्रमही गणला आहे. दुकानातील गजाबद्दल त्यांनी आयुष्यभर दक्षता बाळगली होती. आता दुसऱ्या अतिचाराचा विचार करावयाचा होता. अजाणता घडलेला दोष ध्यानात आल्यावर त्याची आलोचना करून मागे फिरावे, हेच तर प्रतिक्रमण. दोष कळूनही गप्प राहिल्यास तो अजाणता राहत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून या विवरणपत्राची मुदत संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. मात्र तिसऱ्या वर्षी अतिरिक्त कर ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के लागतो. विलंब महाग पडतो. म्हणून मुलांच्या प्रवेशाच्या वर्षी मोडलेल्या प्रत्येक गुंतवणुकीची यादी करसल्लागाराकडे द्यावी आणि वार्षिक माहिती विवरणाशी ती ताडून पाहावी.

त्या व्यापाऱ्यांनी मार्च महिन्यातच कर भरला. भांडवली नफ्याला त्या वर्षीच्या ‘सुगम’मध्ये जागा नव्हती, म्हणून आयटीआर-३ घेतले. अद्ययावत विवरणपत्रात दुरुस्तीचे कारण विचारलेले असते. उत्पन्न बरोबर दाखविले गेले नव्हते, हा पर्याय त्यांनी निवडला आणि चलनाची एक प्रत मुलीच्या प्रवेशाच्या कागदपत्रांत लावून ठेवली.