तिसऱ्या झटक्यात

तर मंडळी, या वेळचा विषय आहे गवत कापायचं मशीन. हसू नका. तू शनिवारी रात्री जागून कार्ब्युरेटर उघडायचे व्हिडिओ बघशील असं चार वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं, तर मीही हसलोच असतो.

पिरंगुटला आमचं छोटंसं घर आहे आणि घराभोवती साडेचार गुंठे जागा. बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा तिकडे राहायला गेले. आम्ही कोथरूडला. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, की आलंच पिरंगुट. नकाशावर जवळ, पण पाऊस मात्र वेगळा. पुण्यात छत्री न्यावी की नको असा विचार चालू असतो, तेव्हा मुळशीकडून आलेली सर तिकडे पत्र्यावर ताशा वाजवत असते. जूनमध्ये सगळं नुसतं हिरवं दिसतं, फोटो काढावेसे वाटतात. जुलैत ते गुडघ्याला लागतं आणि ऑगस्ट संपेपर्यंत कंबरेला. त्यात टाकळा, कुर्डू, आघाडा, घाणेरी आणि अर्थातच गाजर गवत. आता देशभर पसरलेलं हे गाजर गवत १९५० च्या दशकात पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच. पुणे तिथे काय उणे :-)

पहिलं मशीन मी आपण सगळे घेतो तसंच घेतलं. रात्री अकरा वाजता, मोबाईलवर, स्टार मोजून. ५२ सीसी, टू-स्ट्रोक, नऊ हजार रुपये, वर तीन प्रकारची पाती फ्री. ५२ सीसी म्हटल्यावर कसं भारदस्त वाटलं! कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अर्धा गुन्हा माझा आहे, ते पुढे येईलच. पहिल्या पावसाळ्यात झकास चाललं. नोव्हेंबरात पुसून, टाकीतल्या उरलेल्या पेट्रोलसकट शेडमध्ये ठेवून दिलं.

पुढच्या जूनअखेरीला काढलं आणि दोरी ओढली. फुस्स. चोक लावून ओढली, चोक काढून ओढली, प्लग पुसून ओढली. चाळिसाव्या झटक्याला मी खांदा धरून पायरीवर बसलो. कस्टमर केअरने तिकीट उघडलं. ज्याचं पोट दुसऱ्यांची तिकिटं बंद करण्यावर चालतं, त्याने स्वतःच्या तिकिटासाठी रोज फोन करायचा, हा काव्यगत न्याय म्हणायचा. नवा कार्ब्युरेटर सतरा दिवसांनी आला. तोही दुसऱ्याच मॉडेलचा.

त्या सतरा दिवसांत गवत काही थांबलं नव्हतं.

एका संध्याकाळी बाबा बोअरची मोटर चालू करायला मागे गेले. स्टार्टरची पेटी कुंपणापाशी आहे आणि तिथे गवत मांडीपर्यंत आलं होतं. कुकरची शिटी होण्याआधी फसफसतो तसा आवाज आला. बाबा जागच्या जागी थांबले, मग उलट पावली मागे आले. घोणस होती, दोन हातांवर. सर्पमित्र येऊन तिला घेऊन गेला. हे सगळं बाबांनी आम्हाला सांगितलं ते शनिवारी, पोहे खाताना, लिंबू पिळत, जणू कुणी पाहुणा येऊन गेला. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. माझा घास तोंडातच राहिला.

आपल्या धंद्यात दोन आकडे असतात. एक, सिस्टीम किती दिवसांनी बंद पडते. दुसरा, बंद पडली तर किती वेळात उभी राहते. मशीन घेताना मी फक्त पहिल्याचा विचार केला होता, आणि तोही कुणाच्या तरी स्टारवरून. पण पिरंगुटच्या पावसात खरा आकडा दुसरा. वर्षातून एकदा बंद पडणारं पण चार दिवसांत दुरुस्त होणारं मशीन चालेल. तीन वर्षांतून एकदाच बंद पडणारं, पण सतरा दिवस पडून राहणारं नाही चालणार. मागे बोअरची पेटी आहे, आणि त्या पेटीपाशी रोज बाबा जातात.

आता माझा अर्धा गुन्हा. पौड रस्त्यावरच्या एका मेकॅनिककडे ते धूड घेऊन गेलो. त्याने कार्ब्युरेटर उघडला, आतला रबराचा पातळ पडदा चिमटीत धरला. पापडासारखा कडक.

"साहेब, पेट्रोल तसंच ठेवलं होतं ना वर्षभर?"

"आठ महिने."

"मग मशीनला काय बोलता?"

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी रोज चालते, तिची टाकी रिकामी होते नि भरते, त्यामुळे काही जाणवत नाही. या छोट्या इंजिनात तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, घट्ट होतं, पडदे कडक होतात, बारीक भोकं बुजतात. उपाय फुकटातला आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि उरलंसुरलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नव्हतं.

दुसरं मशीन घेताना मात्र होमवर्क केला. डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात चक्कर मारली, मार्केटयार्डाच्या बाजूची दुकानं पालथी घातली. त्यातून जे कळलं ते असं.

टू-स्ट्रोक हलकं आणि स्वस्त, पण पेट्रोलमध्ये ऑईल मोजून घालावं लागतं. २५ ला १ असेल तर लिटरमागे ४० मिली, ५० ला १ असेल तर २०. अंदाजपंचे ओतलं की एकतर धूर, नाहीतर पिस्टन जाम. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळं, त्यामुळे साधं पेट्रोल चालतं आणि आवाजही जरा माणसात असतो. पण आत ऑईल जेमतेम १०० मिलीच्या आसपास, म्हणजे दर वेळी तपासायचा कंटाळा केला की संपलंच. होंडाचं जीएक्स-३५ हे इंजिन ३५.८ सीसीचं आहे आणि कुठल्याही कोनात तिरकं धरलं तरी चालतं. साडेचार गुंठ्यांना ५२ सीसी लागत नाहीत. लागतो तो खांद्यावर दीड तास पेलवेल एवढाच भार. शेजारच्या बंगल्यातल्या मित्राकडे बॅटरीवालं आहे. लॉनला एकदम मस्त, शांत. पण ऑगस्टातल्या ओल्या, कंबरेएवढ्या गवतात त्याची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते, आणि त्याच दिवशी नेमकी लाईट गेलेली असते.

पण सगळ्यात उपयोगी पडली ती एकच युक्ती. दुकानात गेलो की मशीनची चौकशी आधी करायचीच नाही. "या मॉडेलचा कार्ब्युरेटरचा पडदा आणि स्टार्टरची स्प्रिंग आहे का?" असं विचारायचं. तीन दुकानांत "मागवून देऊ" असं उत्तर आलं. चौथ्या दुकानदाराने मागे वळून ड्रॉवर उघडला आणि दोन्ही काउंटरवर ठेवले. मशीन तिथूनच घेतलं, फोर-स्ट्रोक. किंमत पहिल्याच्या अडीचपट निघाली. दुकानातच, थंड इंजिनावर, माझ्या हाताने सुरू करून बघितलं. तिसऱ्या झटक्यात चालू. हेल्मेटची जाळी, गॉगल आणि जाड गमबूटही तिथेच घेतले. आमच्या जमिनीत मुरूम आणि काळे दगड, त्यामुळे लोखंडी पातं फक्त घाणेरीच्या झुडपांसाठी, बाकी सगळं नायलॉन दोरीने.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण...

नायलॉन दोरीच्या या यंत्राचा जनक अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा जॉर्ज बॅलस. १९७१ साली गाड्या धुण्याच्या सेंटरवर फिरणारे ब्रश बघून त्याला कल्पना सुचली, आणि त्याने पत्र्याच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधून ती गरगर फिरवली. का? तर झाडांभोवतीचं गवत काढताना झाडांच्या सालीला धक्का लागू नये म्हणून.

मी त्याच दोरीने बाबांच्या आंब्याची साल काढली. माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला बाबांनी केशरचं कलम लावलं होतं. बुंध्याशी गवत स्वच्छ दिसावं म्हणून मी भोवती छान गोल फिरवलं, दोन-तीन वेळा. बोटभर रुंदीचं कडं उघडं पडलं. पानांनी बनवलेलं अन्न सालीखालूनच मुळांकडे जातं, म्हणजे सालीचं पूर्ण कडं गेलं की मुळं उपाशी. दिवाळीपर्यंत कलम वाळलं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी नवीन कलम आणलं, पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा चिरून बुंध्याभोवती घातला आणि म्हणाले, "हातभर अंतरातलं मी विळ्याने काढीन. तू लांब राहा."

आणि विळ्यावरून आठवलं. मागच्या वाडीतले मामा पूर्वी आमच्याकडचं गवत कापून त्यांच्या म्हशींना न्यायचे. मशीन आल्यापासून येईनासे झाले. मला वाटलं रागावले. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "तुमची दोरी गवताचा पार भुगा करती साहेब. त्याची पेंढी बांधता येत न्हाई, अन् म्हस तोंड लावत न्हाई."

तेव्हापासून जागेचे दोन भाग केलेत. घराभोवती, वाटेवर आणि बोअरच्या पेटीपर्यंत मशीन, पावसाळ्यात दर दुसऱ्या शनिवारी, न चुकता. मागचा अर्धा भाग मामांचा. कुसळं धरायच्या आत ते कापून नेतात. कोपऱ्यातला कोवळा टाकळा आईचा, भाजीसाठी. त्याला दोघांनीही हात लावायचा नाही.

बाबा आता मागे जाताना काठी आणि बॅटरी घेतात. त्यांना सांगायला जरा अवघड गेलं, पण सांगितलं. मशीन कितीही चांगलं असलं तरी गवतात पाय शेवटी माणसाचाच पडतो.

असो. पाऊस जरा उघडलाय. ऑईल तपासलंय, गमबूट घातलेत. पहिला झटका... दुसरा...

हां, झालं सुरू.