तासगावच्या माळावरची आमची एक एकर

सांगलीहून तासगावकडे जाताना पंचवीसेक किलोमीटरच्या रस्त्यात उसाचा पट्टा मागे पडतो. गणपतीचे सात मजली गोपूर ओलांडून सावळज, मणेराजुरीकडे वळले की मुरमाड माळ सुरू होतो. या माळावर पाऊस कमी आणि विहिरी खोल. तरीही नजर जाईल तिथे द्राक्षांचे मांडव उभे दिसतात. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांचे पाणी या भागाला मिळू लागले, तशा बागा वाढल्या. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

याच माळावर आमची वडिलोपार्जित एक एकर जमीन पडून होती. आमच्यातला एक एसटीतून निवृत्त झाला, दुसरीने अनेक वर्षांचे शिवणकाम थांबवले. हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम होती. मुले म्हणाली, "अब्बा, अम्मी, आता आराम करा." आम्ही बाग लावायचे ठरवले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आधीच ठरले होते. म्हणून बागही एक एकरच.

काही नातेवाईकांनी विचारले, "द्राक्षे म्हणजे शेवटी दारूच ना?" पलूसला वाइन पार्क आहे, हे खरे. पण आपल्याकडची बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच जातात. वाइनच्या द्राक्षांचे वाण वेगळे असतात. आम्ही बेदाण्याचा रस्ता धरला.

नऊ बाय पाच फुटांवर ९६८ डॉगरिज खुंट लावले. मुरमाड, कमी पाण्याच्या जमिनीत हा खुंट तग धरतो. पावसाळा सरताना त्यावर थॉमसनची कलमे बांधली. वर्षात दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर येतो. म्हणजे उन्हाळ्यात केलेल्या कामाचे फळ पुढच्या फेब्रुवारीत दिसते. पन्नाशीपर्यंत पगाराची तारीख पाहत जगलेल्या माणसांना हा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पहिल्याच पिकाला फुलोऱ्यात अवकाळी पाऊस लागला. तीन दिवस आभाळ उघडले नाही, डाऊनीने निम्मे घड नेले. मुलांनी पुन्हा विषय काढला, "विकून टाका." त्या रात्री आम्ही दोघांनी वही उघडली. उरलेल्या पैशात आणखी एकच हंगाम निघत होता. शेजारचे बागायतदार काका म्हणाले, "वेल काढायला एक दिवस लागतो, वाढवायला दोन वर्षं." आम्ही एक हंगाम थांबलो.

दुसरे पीक २०२५ च्या मार्चमध्ये, ऐन रमजानमध्ये उतरले. सहरी आणि फजर आटोपून ऊन चढायच्या आत तोडणी व्हायची. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. सावलीत, कोरड्या वाऱ्यावर साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो. या पंधरा दिवसांत ढग आले की छातीत धडधडते, कारण ओला झालेला माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. अल्हम्दुलिल्लाह, त्या वर्षी आभाळ कोरडे राहिले.

तासगावच्या सौद्यात माल गेला. खर्च निघाला, वर थोडे उरले. फार नाही, पण पुढच्या छाटणीची मजुरी हातात होती. मौलाना साहेबांना विचारून उश्र काढला. स्वतःच्या खर्चाने पाणी देऊन पिकवलेल्या मालावर विसावा हिस्सा निघतो. तो बेदाण्याच्याच रूपात वस्तीतल्या गरजू घरांत गेला आणि ईदच्या शीरखुर्म्यात पडला.

निवृत्तीनंतर बाग लावू पाहणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे : आधी पाण्याची खात्री करा, एका बुडालेल्या हंगामाचा खर्च बाजूला ठेवा आणि जवळच्या बागेत एक पूर्ण वर्ष राबून पाहा. बाकीचे आभाळावर आहे, आणि आभाळ अल्लाहच्या हाती. येत्या एप्रिलला कात्री पुन्हा चालेल, इन्शाअल्लाह.