फ्रिजमध्ये ठेवलेली किल्ली

जुन्या पनवेलमधल्या एका कौलारू घराच्या ओटीवर सकाळी साडेसातला नऊ मुलं सामान घेऊन आली, तेव्हा घरच्या आजींनी पहिल्यांदा चहाचं विचारलं आणि मग लगेच, "भूत कोण होणार आहे तुमच्यातलं?" एका सडपातळ मुलीने हात वर केला. आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तू आधी दोन घास खाऊन घे हो," त्या म्हणाल्या, "नंतर तोंड रंगवलं की काही खाता यायचं नाही."

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, सात मिनिटांचा भयपट आणि शूटिंगला एकच दिवस. रक्त आदल्या रात्रीच तयार झालं होतं: साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग, आणि लाली खेळण्यातली वाटू नये म्हणून त्यात चमचाभर कोको. खिडक्यांना काळी चादर लावली की भर दुपारीही माजघरात रात्र करता येत होती. एका मुलीच्या आजीची जुनी नऊवारी हडळीसाठी आणली होती. जे डोळ्यांना दिसायचं होतं, ते सगळं जुळून आलं होतं.

अडचण आली ती कानांना.

पहिला शॉट साधा होता. घरातली सून कंदील घेऊन माजघरात येते, मागच्या पडवीतून कोणीतरी तिला नावाने हाक मारतं, ती थबकते. ती थबकली, आणि नेमका त्याच क्षणी गाडीचा भोंगा वाजला. दुसऱ्या टेकला भंगारवाल्याचा लाऊडस्पीकर गल्लीत शिरला. तिसऱ्याला डोक्यावरून विमान गेलं. सगळे मान वर करून कौलांकडे बघत राहिले.

पनवेलमध्ये शांतता मिळणं खरोखरच कठीण झालं आहे. हार्बरच्या लोकल इथे संपतात, कोकणातल्या गाड्या इथून जातात, कर्जतचा फाटा इथूनच निघतो. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ इथून सुरू होतो आणि पुण्याकडची वाहतूकही याच अंगाने वाहते. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आभाळही गजबजलं. एकेकाळी याच परिसरातल्या माणसांनी रात्रीच्या निःशब्दतेत मुंजा, गिऱ्हा, चकवा असे सगळे ऐकले होते. पिंपळाखालून जाताना मागे पाऊल वाजलं असं वाटायला मुळात बाकी सगळं गप्प असावं लागतं.

आणि भयपट उभा राहतो तो याच गप्पपणावर. पडद्यावरच्या भुताकडे बघायचं नसेल तर प्रेक्षक डोळे मिटून घेतो. कान मिटता येत नाहीत. 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या प्रसंगात सुरीचा आवाज खरबुजावर घाव घालून काढला होता. १९९९ च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये तर भूत एकदाही दिसत नाही. रात्री नटांच्या तंबूबाहेर दिग्दर्शकांनी लहान मुलांचे आवाज वाजवले आणि आतले नट खरोखर दचकले. राम गोपाल वर्मांच्या 'भूत'मध्ये मुंबईतला एक चारचौघांसारखा फ्लॅट भीतिदायक होतो, त्यातही मोठा वाटा आवाजाचाच. गाणी गाळण्याचं धैर्य त्या सिनेमाने २००३ मध्ये दाखवलं, हे आजही मोलाचं वाटतं.

रायगड जिल्ह्याला पडद्यावरची भुतं नवीन नाहीत. रामसे बंधूंनी १९८४ च्या 'पुराना मंदिर'साठी मुरूडचा नवाबांचा राजवाडा निवडला होता. त्या राजवाड्याला एकांत आहे, समोर समुद्र आहे. या मुलांच्या वाट्याला आलेल्या घराला दोन्ही बाजूंनी इमारती खेटलेल्या. तरीही घराची निवड चुकली होती असं म्हणवत नाही. नारायण धारपांनी मराठी वाचकाला घाबरवलं ते ओळखीच्या घरांत नेऊन. आपल्याच माजघरात अनोळखी काही असावं, यासारखी भीती नाही.

आवाजाची बाजू सांभाळणारा मुलगा सगळ्यांत अबोल. फोनवर रेकॉर्ड करायला त्याने ठाम नकार दिला, आणि तो बरोबर होता. फोन आवाजाची पातळी आपली आपण वरखाली करतो. पात्र गप्प झालं की तो पातळी चढवतो, आणि ज्या क्षणी काहीच ऐकू येऊ नये त्याच क्षणी लांबचा हॉर्न आणि पंख्याची घरघर पुढे येऊन बसते. म्हणून त्याने वेगळा रेकॉर्डर आणला होता. माइक बांधला होता आजींच्याच जळमटं काढायच्या काठीला. ती काठी डोक्यावर धरून तो दिवसभर उभा होता. हात भरून आले की भिंतीला पाठ टेकायचा, पण काठी हलू द्यायचा नाही.

दुपारी त्याने हेडफोन काढून विचारलं, "आजी, फ्रिज बंद करू का थोडा वेळ?" आजींनी मान हलवली. त्याने बटण बंद केलं, खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून दार लावलं. जाताना किल्ली हवीच असते. ती घ्यायला फ्रिज उघडावा लागतो, आणि मग तो चालू करायचं राहत नाही. साउंडच्या लोकांची ही जुनी सवय आहे. ज्या घराने दिवसभर आपल्याला सांभाळून घेतलं, त्या घरातलं दूध नासू नये एवढी काळजी त्यात आहे.

बोट मोडल्याचा आवाज त्याने ओट्याशी बसून केला. काकडी मोडून पाहिली, ती पाणचट वाजली. आजींनी टोपलीतून शेवग्याची शेंग काढून दिली. माइकजवळ धरून ती कडकन मोडली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या तिघांनी नकळत आपापली बोटं मुठीत घेतली. आजी म्हणाल्या, "आता उरलेल्या मी आमटीत टाकते."

'तुंबाड'साठी खरा पाऊस हवा म्हणून कित्येक पावसाळे थांबण्यात आलं होतं. या मुलांकडे थांबायला संध्याकाळ होती. सहा वाजता लाइट काढायच्या आधी शेवटचं काम उरलं, रूम टोन. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कौलारू घराची वेगळी, स्लॅबच्या घराची वेगळी. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली पोकळी भरायला त्याच खोलीची शांतता लागते, म्हणून ती वेगळी रेकॉर्ड करून ठेवतात. सगळ्यांनी जिथे आहोत तिथे थांबायचं. कोणी हलायचं नाही. एक मिनिट.

हडळ कपाळावरच्या पाकासकट खांबाला टेकून उभी. कॅमेऱ्यावरचा मुलगा अर्धवट वाकलेला. आजी देवघराच्या उंबऱ्यावर, हात मांडीवर. तुळयांमधून कसलीशी बारीक करकर आली. दिवसभर तापलेलं लाकूड निवत होतं. परसात एक रातकिडा सुरू झाला आणि थांबला. महामार्गाची घरघर इतकी सपाट होऊन गेली होती की ती लांबच्या पाण्यासारखी वाटत होती. कंदील हातात घेतलेल्या सुनेच्या अंगावर तेव्हा, दिवसात पहिल्यांदाच, खरा काटा आला.

"कट," मुलगा हळूच म्हणाला. कोणी लगेच हललं नाही. मग आजी उठल्या, फ्रिजचं दार उघडून किल्ली त्याच्या हातात दिली, आणि त्याने बटण दाबलं.