थंडी की रात्र?

पिंपळगाव बसवंत
१२ जानेवारी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे साडेपाचला काझीगुंडहून तुझा फोन आला तेव्हा मी अर्धा झोपेत होतो. "मामा, सेल्फ मारून मारून दमलो, गाडी उचलतच नाही," एवढंच ऐकलं आणि "बॅटरी बघ" म्हणून मोकळा झालो. चुकलंच माझं. काही न विचारता औषध सांगितलं. दुपारी ऊन पडल्यावर गाडी आपसूक उठली असं तू कळवलंस, तेव्हा आणखीच ओशाळलो. गावातली एक गाडी उद्या कांदा घेऊन श्रीनगरला निघतेय, तिच्याबरोबर हे पत्र देतो. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतोस. कागद निदान केबिनमध्ये राहील.

मी तुला पहिल्यांदा एक विचारायला हवं होतं. गाडी थंडीने अडली, की रात्रभर उभी राहिल्याने? सकाळी दोन्ही सारखंच दिसतं. मला हा फरक कळायला दोन हिवाळे आणि बॅटऱ्यांचा एक नवा जोड लागला. माझी जुनी गाडी डिसेंबर-जानेवारीत पहाटे हटून बसायची. निफाड तालुक्यातली थंडी तुला ठाऊकच आहे. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, मग गाडी कुरकुरली तर नवल काय, असं मीही धरून चाललो. एका गॅरेजवाल्याने बॅटऱ्या बदलायला लावल्या, मग सेल्फ बांधून दिला. पैसे गेले, खोड तशीच राहिली. पुढे मे महिन्यात लग्नसराईत गाडी दोन दिवस उभी होती आणि भर दुपारी, पत्रा चटके देत असताना, तिने तेच नाटक केलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. डिझेल फिल्टरच्या जोडावरची तांब्याची वॉशर बसकी झाली होती. त्या फटीतून हवा शिरायची आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरायचं. गाडी एअर घ्यायची ती उभी राहिल्याने. हिवाळ्यात सेल्फ आधीच मंद, म्हणून तेवढं लक्षात यायचं. वॉशर काही रुपयांची होती.

तुझी गाडी मात्र तशी नाही. रस्ता बंद म्हणून तू जम्मूला दोन दिवस उभा होतास आणि तिथे ती पहिल्या सेल्फला उठली, हे तूच सांगितलंस. म्हणजे रात्र निर्दोष. आता उरली थंडी, आणि चिल्लई कलांचे चाळीस दिवस चालू असताना काझीगुंडला ती काय असते हे मी लिहायला नको.

पण थंडी म्हटलं की सगळे बॅटरीकडेच धावतात, मीसुद्धा. तू म्हणालास, सेल्फ झपाझप फिरत होता आणि सायलेन्सरमधून धूर मुळीच नव्हता. निम्मं उत्तर त्यातच होतं. सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. उष्णता कमी पडतेय. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. पाना हातात घेण्याआधी खाली उतरून सायलेन्सरकडे बघायचं.

तुझ्या डिझेलचं झालं ते आपल्या खोबरेल तेलाचं होतं तेच. डिझेलमध्ये मूळचंच मेण असतं. गारठ्यात त्याचे बारीक कण धरतात. टाकीत डोकावलं तर डिझेल पातळच दिसतं, पण फिल्टरच्या कागदावर कणांचा थर बसतो आणि वाट बंद. उन्हात मेण विरघळलं, गाडी उठली. आपल्या देशाच्या मानकात उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत आणि हिवाळी ६ अंशांपर्यंत गाळणीतून वाहिलं पाहिजे, एवढीच अट आहे. त्याखालचं तुझं तू बघायचं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही न गोठणारं डिझेल आणलं, ते याचसाठी. तेव्हा खाली सपाटीवर टाकी गळ्यापर्यंत भरून वर जाऊ नकोस. थोडी जागा ठेव आणि वरच्या पंपावर तिथलं डिझेल घे. एक कोरा फिल्टर सीटखाली असू दे. मेण धरलंच तर फिल्टरला फडकं गुंडाळ, वरून गरम पाणी ओत आणि धीर धर. मेण न होऊ देणारं औषध मिळतं, पण ते गारठ्याआधी टाकायचं. गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला कुणी दिला तर मान हलव आणि विसर. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेलने तो खरवडून निघतो. शिवाय तो गुन्हा आहे.

क्लीनरने टाकीखाली बोळा पेटवला होता म्हणे! त्याला माझ्याकडून एक धपाटा दे. टाकीच्या आसपास ब्रेकच्या हवेच्या नायलॉनच्या नळ्या असतात. एक वितळली तर गाडी उठूनही जागची हलणार नाही. आणि एअर काढायची वेळ आली तर फिल्टरवरच्या हातपंपानेच. इंजेक्टरचे पाइप ढिले करायची जुन्या मिस्त्रींची सवय तुझ्या गाडीला चालत नाही. चालू इंजिनात तिथे हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडी फोडून आत जाते.

कधी सेल्फच रेंगाळला, तर मात्र बॅटरीकडे वळ. या इंजिनात ठिणगी नाही, हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून चार हात मारले की नळी तापते, तसंच. सेल्फ सावकाश फिरला की हवा रिंगांशेजारून निसटते, उरलेली ऊब गार लोखंड पिऊन टाकतं. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून १९ व्होल्टच्या खाली जात असतील तर बॅटरी दमली. नसतील तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या अंगाला लाव. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थची पट्टी गंजलीय. पट्टी घासून काढली की कित्येकदा बॅटरीचे पैसे वाचतात. सेल्फ एका दमात दहा सेकंद, मग मिनिटभर विसावा.

पांढऱ्या धुराचं काम पडलं तर आधी इंजिनात जाणारी हवा तापवणारा हीटर तपास. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो म्हणजे हीटर तापतोच असं नाही. आणि हीटरच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे कधी मारू नकोस, आतच भडका उडतो.

लासीपोराहून सफरचंद भरून निघालास की कळव. अक्काला मी सांगितलंय की गाडी नव्हे, रस्ता बंद होता. तूही तेच सांग.

तुझा,
मामा